कॅमेरा म्हणजे खोली

नवा माणूस भेटला की आमच्या पनवेल-उरणच्या पट्ट्यात पहिला प्रश्न नावाचा नसतो, गावाचा असतो. कुठलं गाव तुमचं? एकदा गाव कळलं की आळी, भावकी, सोयरीक, कुणाची जमीन कुठल्या सेक्टरखाली गेली, सगळं हळूहळू बाहेर येतं. घरतमामांचं वेगळेपण एवढंच, की हा प्रश्न ते शब्दांनाही विचारत.

"सर, ह्यो टेबल कुठल्या गावचा?" मी नोकरीवर रुजू झालो त्या आठवड्यातच त्यांनी मला विचारलं होतं. मी म्हटलं, "सुतारआळीतला असेल." ते हसले नाहीत. "लाकूड नाय विचारला सर. शब्द विचारला."

नवीन पनवेलमधल्या आमच्या शाळेत ते ग्रंथालयाचे परिचर होते. म्हणजे पुस्तकं पुसायची, चिकटवायची, मुलांना द्यायची आणि तीन वाजता शिक्षकांना चहा द्यायचा. शाळेतल्या सगळ्याच शिपायांना मुलं मामा म्हणतात, तसे हे घरतमामा. पूर्ण नाव हसुराम घरत. गाव चिरनेरच्या अलीकडे, खाडीच्या कडेला. मी तिथे इंग्रजीचा शिक्षणसेवक होतो. शिक्षणसेवक म्हणजे काय, तर तीन वर्षं मान खाली घालायची आणि मग कायम व्हायचं. माझ्या नावामागे एम.ए. इंग्रजी अशी अक्षरं होती आणि ती मी स्वतःच्या हाताने पाटीवर रंगवली होती. यावरून माझी पात्रता वाचकांच्या लक्षात यावी.

मामा बावीस वर्षं जहाजावर स्टुअर्ड होते. साहेब लोकांना जेवण वाढायचं, त्यांच्या खोल्या आवरायच्या. बायकोच्या आजारपणात ते किनाऱ्याला लागले ते लागलेच. जमीन आधीच गेली होती, मिठागरही गेलं होतं. गावातल्या चार जणांबरोबर त्यांनाही आमची शाळा चालवणाऱ्या संस्थेत नोकरी मिळाली. पण जहाज काही त्यांच्या अंगातून गेलं नाही. कप कधी काठोकाठ भरायचे नाहीत, दोन बोटं रिकामा ठेवायचे. जमीन हलणार नाही याची त्यांना बहुधा खात्री नसावी. चालताना पाय किंचित फाकलेले. खाकी गणवेशाला अशी इस्त्री की मुख्याध्यापिकाबाईंनी एकदा आम्हा पुरुष शिक्षकांना त्यांच्याकडे बोट दाखवून सुनावलं होतं. बशी नेहमी डाव्या बाजूने येणार, आणि कपाचा कान तुमच्या उजव्या हाताकडे. तुम्ही डावखुरे असाल तर दुसऱ्या दिवसापासून डाव्या हाताकडे. हे त्यांना कुणी सांगावं लागत नसे.

सहा-सात युरोपीय भाषांतले चाळीस-पन्नास शब्द त्यांना येत आणि त्यांतली एकही भाषा बोलता येत नसे. "बाजार करन्यापुरता येतं, वाढन्यापुरता येतं, आनि माफी मागन्यापुरता," असं ते स्वतःच सांगत. पण ते पन्नास शब्द त्यांनी असे सांभाळले होते, की मी माझी पदवीही तशी सांभाळली नाही.

त्यांची एक लांबट वही होती. सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळवायचे म्हणून त्या काळात गावोगाव वंशावळी निघत होत्या. मूळ पुरुष कोण, त्याची मुलं किती, मयत कोण, वारस कोण. तलाठ्याकडे हेलपाटे घालून ते तंत्र मामांना पाठ झालं होतं. त्याच पद्धतीने त्यांनी शब्दांच्या वंशावळी काढल्या होत्या. वर मूळ पुरुष, खाली रेघा मारून शाखा, आणि प्रत्येक नावासमोर गाव. काही नावांसमोर 'मयत' असंही लिहिलेलं. अर्धी माहिती जहाजावरच्या एका वाचनवेड्या रेडिओ ऑफिसरकडून मिळवलेली, अर्धी बंदरात स्वतः मार खाऊन.

त्यातलं त्यांचं लाडकं पान कॅमेऱ्याचं.

ती गोष्ट मी त्यांच्या तोंडून निदान पाच वेळा ऐकली असेल. जहाज इटलीत, जिनोव्हाच्या बंदराला लागलेलं. मामा तेव्हा पंचविशीचे. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलेलं आणि तिला शब्द दिलेला, की येताना कॅमेरा आणीन. "बंदरातून वर चढलो तर हर गल्लीत पाटी. कामेरे, कामेरे, कामेरे. मी म्हटला, बाबा, काय देश हाय! आपल्याकडं किराणा नसंल येवढी कॅमेऱ्याची दुकानं." ते एका जिन्याने वर गेले. म्हातारीने दार उघडलं. हे म्हणाले, "कामेरा?" म्हातारी म्हणाली, "सी, सी," आणि त्यांना आत नेऊन पलंग दाखवला.

"मी बोटानं केला, टिचिक टिचिक. तिला वाटला खिडकी लहान म्हनतो. मंग दुसऱ्या खोलीत नेला, मोठी खिडकी दाखवली. मी परत टिचिक टिचिक. तिनं तिसरी दाखवली, तिच्यात दोन खिडक्या. मंग ती रागावली, मी बी रागावलो. आनि मंग तिच्या लेकानं येऊन सांगितला, का बाबा, कामेरा म्हंजे खोली. भाड्यानं द्यायची खोली. तुला पायजे ती वस्तू खालच्या चौकात मिळंल, तिचा नाव दुसरा हाय."

तिथून त्यांनी त्या शब्दाचा माग काढायला सुरुवात केली. मूळ पुरुष ग्रीसचा, कामारा, म्हणजे कमानीचं छत. तो रोमला गेला, कामेरा झाला, म्हणजे छताखालची खोली. फ्रेंचांनी त्याचा शांब्र केला, तो इंग्रजांनी उचलून चेंबर केला. जर्मनांकडे काम्मर. एका खोलीत झोपणारा सैनिक तो स्पेनमध्ये कामाराडा, जर्मनीत कामेराड, आपल्याकडे लाल झेंड्याखाली कॉम्रेड. लिस्बनमध्ये कामरा म्हणजे चक्क नगरपालिका, कारण ती मंडळी एका खोलीत बसून भांडतात. ओडेसाच्या स्टेशनात सामान ठेवायची जागा ती कामेरा. आणि त्यांच्या जहाजावरचा एक गडी तिथे दारू पिऊन रात्रभर ज्या कोठडीत पडला, तीही कामेराच. स्पेनमध्ये लोक मामांना हाक मारत ती 'कामारेरो' म्हणून. खोलीत सेवा करणारा तो कामारेरो, म्हणजे वाढपी. "मंजी मी पन त्यांच्याच घरातला, सर," हे ते छाती काढून सांगत. आणि लिस्बनचे फिरंगी आपल्या किनाऱ्याला आले तेव्हा तोच शब्द इथे उतरवून गेले. हिंदीत कमरा, आपल्यातही कमरा.

"मग फोटोच्या यंत्राला कॅमेरा का म्हणायचं?" मी विचारलं होतं.

त्यांनी ग्रंथालयाच्या खिडक्या लावल्या, दार लोटलं. दाराच्या भोकातून एक तिरीप आत आली आणि समोरच्या भिंतीवर मैदानातला झेंड्याचा खांब पुसट, उलटा दिसायला लागला. "काळोखी खोली," मामा म्हणाले. "लॅटिनमदी कामेरा ऑब्स्क्युरा. मंग खोली लहान लहान होत मान्साच्या गळ्यात आली. काळोखी गळून पडला, नुसता कॅमेरा राह्यला. खोली हाय ती, सर. अजून बी खोलीच हाय."

आमच्या कॉलनीत चेंबर म्हणजे गटाराचं झाकण. पावसात 'चेंबर तुंबलं' अशी ओरड झाली की मामांना फार वाईट वाटे. "राजाच्या खोलीत जलमला आनि बघा कुठं मेला," असं म्हणत ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, काठी घेऊन पाणी काढायला जात.

शिक्षकदिनाच्या कार्यक्रमात मला दहा मिनिटं बोलायचं होतं आणि माझ्याकडे बोलण्यासारखं काही नव्हतं. मी मामांचा कॅमेरा बोललो. मूळ ग्रीक, मग लॅटिन, मग फ्रेंच. म्हातारीचा पलंगसुद्धा सोडला नाही. फक्त मामांच्या जागी 'एक प्रवासी' घातला. टाळ्या पडल्या. संस्थेचे पदाधिकारी भाऊसाहेब पहिल्या रांगेत होते. ते म्हणाले, "व्यासंग आहे हो तुमचा." मामा मागे चहाचा ट्रे घेऊन उभे होते. मला वाटलं, आता काहीतरी टोमणा येणार. ते कप पुढे करून म्हणाले, "सर, झ्याक सांगितला. फक्त ओडेसा सोडलात." त्या वेळी लाज वाटली, नाही असं नाही. पण ती चहाबरोबर गिळता आली. पुढची गिळता आली नाही.

शनिवारी आमची शाळा सकाळची. साडेअकराला मुलं जात, बाराला शिक्षक. एका वर्षी दिवाळीनंतर कुजबुज सुरू झाली, की शनिवारी सगळे गेल्यावर ग्रंथालयाला आतून कडी लागते आणि आत घरतमामा आणि बेबीमावशी असतात. बेबीमावशी म्हणजे झाडलोट करणारी बाई. नवरा शाळेत शिपाई होता, तो गेल्यावर त्याच्या जागेवर लागलेली, पस्तिशीची. मामा तेव्हा अठ्ठावन्नचे. पण कुजबुजीला वयाचा दाखला लागत नाही. एका शिक्षकाने दार वाजवून पाहिलं. आतून उघडायला वेळ लागला. उघडलं तेव्हा मावशी डोळे पुसत बाहेर पडल्या. लेखी तक्रार झाली. चौकशी समिती नेमली गेली. भाऊसाहेब, मुख्याध्यापिकाबाई, आणि टिपणं चांगली घेतो म्हणून मी.

मामांना खुलासा मागितला. त्यांनी अर्जात दोनच ओळी लिहिल्या. 'मी काही वाईट केलेले नाही. काय आहे ते मी समितीला सांगेन, पण माझी चौकशी इन कॅमेरा व्हावी.'

आता मला ही कबुली स्वच्छ देऊ द्या. इन कॅमेरा या शब्दाचा अर्थ मला वर्तमानपत्रातून ठाऊक होता. शवविच्छेदन इन कॅमेरा झालं, म्हणजे त्याचं चित्रीकरण झालं. मतमोजणी इन कॅमेरा करा, म्हणजे कॅमेऱ्यासमोर करा. आपल्याकडे तो शब्द असाच चालतो, आणि मीही तसाच चालवला. भाऊसाहेबांनाही तोच अर्थ ठाऊक. ते खूशच झाले. "बघा, माणूस धीट आहे. म्हणतो, कॅमेरा लावा. लावूया! कारभार कसा पारदर्शक पाहिजे." मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "सर, तुमच्या ओळखीचा कुणी आहे का?"

होता. खांदा कॉलनीत लग्नाची शूटिंग करणारा एक जण माझ्या शेजारी राहायचा. चौकशीच्या दिवशी तो तीन पायांचा स्टँड, कॅमेरा आणि डोळे दिपवणारा एक हॅलोजन घेऊन मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत हजर झाला. सवयीने त्याने भिंतीवरचं कॅलेंडर बाजूला केलं आणि मामांसाठी ठेवलेल्या खुर्चीमागे निळा पडदा लावला.

मामा आत आले. इस्त्रीचे कपडे, भांग पाडलेला. दिव्याने त्यांचे डोळे मिटले. शूटिंगवाला म्हणाला, "काका, जरा इकडे बघा. हनुवटी वर."

"सर, ह्यो काय?" मामांनी मला विचारलं. समितीला नाही, मला.

"तुम्हीच मागितलंत ना, मामा. लेखी."

"मी इन कॅमेरा लिवलाय."

"मग हा काय आहे?"

त्यांच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं. खरंच आलं. मी थट्टा करतोय असं त्यांना वाटलं असावं. मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि ते हसू विरलं. हळू आवाजात, जवळजवळ समजूत काढल्यासारखं ते म्हणाले, "सर, इन कॅमेरा म्हंजे... आपला जिनोव्हा आठवा. ती म्हातारी..."

भाऊसाहेबांनी भुवया वर केल्या. शिक्षकदिनाचं भाषण त्यांच्या लक्षात असणार. एक शिपाई मला जिनोव्हा आठवायला सांगतोय म्हणजे काय, हे त्यांना आणखी अर्ध्या मिनिटात उमगलं असतं. 

"मामा, जहाजाच्या गोष्टी इथे नकोत," मी म्हणालो. "आणि इंग्रजी मला शिकवू नका."

हे मी म्हणालो. बाकी कुणी नाही. कॅमेऱ्यात ते रेकॉर्ड झालेलं आहे.

 मामा "बरा" म्हणाले आणि खुर्चीवर बसले. त्यानंतर भाऊसाहेबांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर होतं. "मना काय सांगायचा नाय." शनिवारी आत काय करत होता? मना काय सांगायचा नाय. कडी का लावली? मना काय सांगायचा नाय. बाई रडत का होती? तिथे मात्र त्यांनी मान वर करून दिव्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तिला यात आनू नका."

सगळं पंधरा मिनिटांत आटपलं. भाऊसाहेब म्हणाले, "काहीतरी पाणी मुरतंय. एरवी माणूस कॅमेऱ्याला घाबरतो कशाला?"

संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी ग्रंथालयात गेलो. ती म्हातारी काही डोक्यातून जात नव्हती. मामा कपाटं बंद करत होते. समितीचा अहवाल होईपर्यंत ते कामावर होतेच. मी म्हटलं, "मोठा शब्दकोश द्या जरा." तो सगळ्यात वरच्या फळीवर असे. मामांनी स्टूल घेतलं, चढले, तो जाडा ग्रंथ काढला, फडक्याने पुसला आणि माझ्यापुढे ठेवला. मग खिडक्या लावायला पलीकडे गेले. त्या दिवशी खिडक्या लावायला त्यांना फार वेळ लागला.

मी तो शब्द काढला. बंद दाराआड. खासगीत. न्यायाधीशाच्या खोलीत, लोकांना वगळून. मूळ लॅटिन, अर्थ 'खोलीत'.

मी दोनदा वाचलं. मामा माझ्याकडे पाठ करून उभे होते. त्या क्षणी मी एवढंच म्हणायला हवं होतं, की मामा, चुकलो, उद्या दार लावून बसूया. दहा शब्दसुद्धा झाले नसते. पण माझी तीन वर्षं त्या महिनाअखेर संपत होती आणि मला कायम करण्याच्या पत्रावर भाऊसाहेबांची सही व्हायची होती. ज्या शिक्षकाला इन कॅमेराचा अर्थ ठाऊक नाही आणि ज्याने त्यापायी चौकशीत हॅलोजन लावला, त्याला ते कायम कशाला करतील? मी शब्दकोश मिटला.

"जाताना पंखा बंद करा, मामा," असं म्हणून मी निघालो.

अहवाल तीन दिवसांनी झाला. 'संबंधित कर्मचाऱ्याने स्वतःच्याच मागणीप्रमाणे चित्रीकरण होत असताना उत्तरे देण्याचे टाळले.' हे वाक्य माझं. भाषा चांगली म्हणून मसुदा माझ्याकडेच होता. भाऊसाहेबांनी मामांना बोलावून सांगितलं, की राजीनामा द्या, प्रकरण इथेच मिटवू. मामांनी एकच गोष्ट विचारली, की मिटवायचा म्हंजे बेबीच्या नोकरीला काय होणार नाय ना? नाही, म्हणाले. तेव्हा त्यांनी तिथेच उभ्याउभ्या राजीनामा लिहून दिला. निवृत्तीला दोन वर्षं होती. जाताना त्यांनी ग्रंथालयाच्या किल्ल्या माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. मी तेव्हा वर्गात होतो. वर्गात होतो असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे मी त्यांना येताना पाहिलं आणि वर्गात गेलो.

माझं पत्र वेळेवर आलं.

चार-पाच महिन्यांनी बेबीमावशी रजेचा अर्ज तपासून घ्यायला माझ्याकडे आल्या. एरवी त्या कुणाकडून तरी लिहून घेत आणि खाली ओढूनताणून सही करत. हा अर्ज मोठमोठ्या, वाकड्या, पण एकेका अक्षराला जपून काढलेल्या लिपीत होता. मी म्हटलं, "कुणी लिहिला?"

"मीच, सर." त्यांनी मागे वळून दार पाहिलं. "मामांनी शिकवला. तुमाला म्हनून सांगते. मी सातवी पास नाय. नोकरीला लावलेला दाखला होता तो... जाऊ द्या. नवीन हेडक्लार्क आल्यापासून रोजचं काम आपल्या हातानं लिवायचं निघालं, तवा माजी झोप उडाली. मामा म्हनाले, शनवारी बस. कडी लावू, कोन बघनार नाय. मना येत नसला का मी रडायची."

मला बसायला सांगायचंही भान राहिलं नाही. त्या पुढे म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, हे मला आजही सोसत नाही: "चौकशी लागली तवा मी घाबरले. मामा म्हनाले, भिऊ नको, मी बंद खोलीत सांगेन, कागदावर येनार नाय. असा एक शब्द हाय, तो लिवला का दार लावूनच बोलायचा असतं. मी म्हटला, साहेब लोकांना कळंल का तो? तर म्हनाले, दुसऱ्या कोनाला नाय कळला तरी सरांना कळंल. सरांना मीच सांगितलाय."

अर्ज मी मुख्याध्यापिकाबाईंकडे पोचवला. दुसरं मी काय केलं? काहीही नाही. जाईन एकदा मामांच्या गावी, असं मी सात वर्षं स्वतःला सांगत राहिलो. गाव काही सातासमुद्रापलीकडे नव्हतं. पनवेलहून एसटीने तास-सव्वा तास. दर सुट्टीत मला दुसरी कामं निघत. मधल्या काळात मी इंग्रजीचा विभागप्रमुख झालो. इन कॅमेरा हा शब्द बातमीत आला की मी वर्तमानपत्र उलटं ठेवत असे. वर्गात मुलांना शब्दांच्या मुळांबद्दल सांगताना तो कधी घेतला नाही.

आणि मग ते भेटलेच. पनवेलच्या एसटी स्टँडवर, एप्रिलच्या दुपारी. उरणच्या गाडीच्या फलाटावर एक वाळलेला म्हातारा उभा होता, डोळ्यांवर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचा काळा चष्मा. कपड्यांची इस्त्री पाहून मी ओळखलं. निघून जाता आलं असतं, आणि मी एक पाऊल मागे घेतलंही. पण त्यांनीच हाक मारली.

"सर नाय का? चालन्यावरून वाटला."

मी वाकलो. त्यांनी मला पाया पडू दिलं नाही, हात धरला. पहिला प्रश्न त्यांनी बेबीमावशींचा विचारला. मी सांगितलं, की बऱ्या आहेत, हजेरीपटाची नोंद आता त्याच करतात, दुपारी गेटवर बसून पेपर वाचतात. मामांनी दोनदा वदवून घेतलं. "पेपर वाचते? मोठ्यानं का मनात?" मनात, म्हटलं. ते इतके खूश झाले, की मला वाटलं, आता बोलता येईल.

"मामा," मी म्हणालो, "त्या दिवशी... मला तेव्हा त्या शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता. फार नंतर कळला."

सात वर्षं जे बोलायचं म्हणून साठवलं, ते तोंडातून असं बाहेर पडलं. अर्धं खरं, आणि दुसरं अर्धं शुद्ध खोटं. वरच्या फळीवरून शब्दकोश काढून तो पुसून माझ्यापुढे ठेवणाऱ्या माणसाला मी सांगत होतो, की मला नंतर कळलं. बोलता बोलताच ते माझ्या लक्षात आलं आणि त्यांच्याही. काळ्या चष्म्यामागचं मला दिसलं नाही, पण माझ्या हातावरची त्यांची बोटं क्षणभर थांबली.

"नसंल ठाऊक," मामा म्हणाले. "मना तरी कुठं होता? जहाजावर एकदा मारामारी झालेली, कप्तानानं सगळ्यांना चौकशीला बोलावला. बोलला, इन कॅमेरा होनार. मी नवा सदरा घातला, तेल लावून केस बसवले. म्हटला, फोटो काडनार. आत गेलो तर नुसती खोली, न् कप्तान. मी विचारला, साब, फोटोवाला किधर हाय? कप्तान असा हसला, का चौकशीच विसरला." आणि ते स्वतः हसायला लागले, खांदे हलवत. मीही हसलो. मला हसता यावं म्हणूनच ती गोष्ट निघाली होती, हे समजत असूनही हसलो. ही गोष्ट त्यांनी मला पूर्वी कधी सांगितली नव्हती. खरी होती का, हेही मला माहीत नाही.

गाडी लागली. गर्दी फार नव्हती. मी त्यांची पिशवी वर दिली, ते दांडीला धरून, पाय फाकवून, सावकाश चढले आणि खिडकीशी बसले. शेजारी त्यांच्याच गावचा कुणी असावा, पांढऱ्या टोपीतला. मी खाली उभा होतो, अजून काहीतरी बोलायचं राहिलंय अशा चेहऱ्याने. कंडक्टरने घंटी दिली.

मामा त्या शेजाऱ्याकडे वळले आणि माझ्याकडे हात करून म्हणाले, "ह्ये आमचे सर. इंग्रजीचे. एकेका शब्दाचा गाव ठाऊक हाय ह्यांना." आवाजात टोमणा नव्हता. मी फार शोधला, नव्हता.

टोपीवाल्याने खिडकीतून मला हात जोडून नमस्कार केला. मी तो घेतला.